धुडाचा तिसरा बिघाड

४ जून

ताई,

नमस्कार, वाकून. टेबलाशी बसून याहून जास्त वाकता येत नाही.

तुझा हुकूम म्हणून पत्र लिहितोय. ‘फोनवर तू अंगावर येतोस, कागदावर तरी माणसासारखा बोलशील’ असं म्हणून तू माझे फोन घेणं बंद केलंस, त्याचा राग अजून आहे. पण कागदावर रागवायला गेलं की पेनाचं टोक आरपार जातं. हे तिसरं पान आहे.

मुद्दा धुडाचा. मामाने ऑर्केस्ट्रा सोडला तेव्हा त्याचा तो जुना सिंथेसायझर आपल्या दोघांना मिळून दिला आणि ‘भांडू नका’ एवढं सांगून हात झटकले. मग तू दातांची डॉक्टर होऊन दुसऱ्या गावी गेलीस आणि धूड इथे माझ्या गळ्यात. आता ते बिघडलंय. मधल्या पट्ट्या मुक्या झाल्यात आणि कडेच्या पट्ट्या सर्दी झालेल्या मेंढीसारख्या ओरडतात. आई म्हणते, बाहेरच्या खोलीत पाहुण्याला खुर्चीपर्यंत तिरकं होऊन जावं लागतं, आणि जाऊन बसला की त्याच्या तोंडासमोर हे.

माझं मत: विकू या. आहे तसं, मेंढीसकट. अर्धं तुझं आहे म्हणून विचारतोय, नाहीतर विचारलंही नसतं. उद्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन बिघाड काय आहे तेवढं बघून घेतो, म्हणजे गिऱ्हाइकाला सांगता येईल.

कॉलेज सोडल्याबद्दल तू एक अक्षर लिहायचं नाहीस. साउंडवाल्याकडे मी मजेत आहे. स्पीकर उचलतो, तारा जोडतो, आणि मला ‘गेट आउट’ म्हणणारं तिथे कोणी नाही.

तुझा,
तडतड्या

—

९ जून

चिरंजीव तडतड्यास,

अनेक आशीर्वाद आणि थंड पाण्याचा एक ग्लास.

कॉलेजबद्दल एक अक्षर लिहीत नाही. ही बघ, रिकामी ओळ सोडली.

धुडाबाबत चक्क तुझं माझं एकमत झालं, तारीख लिहून ठेव. आणि योग बघ, परवाच माझ्याकडे अक्कलदाढ काढायला एक गृहस्थ आले. ते जुनी वाद्यं जमवतात. त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे असताना मी त्यांना धुडाची सगळी हकीकत सांगितली. त्यांना ‘नको’ म्हणता आलं नाही. ते धूड बिघडलेलं घ्यायला तयार आहेत, आणि बदल्यात नवाकोरा कीबोर्ड देतायत. काखेत मारून नेता येईल एवढा हलका, आणि पाच वर्षांची गॅरंटी. म्हणे तो बिघडतच नाही.

आईची खोली मोकळी, तुला नवं खेळणं, मला पुण्य. होकार कळव, ते टेम्पो पाठवतील.

ताई

—

१३ जून

ताई,

टेम्पो पाठवलास तर त्याच्यासमोर आडवा पडेन.

मामाचं धूड त्या दाढवाल्याच्या हवाली करायचं? तो ते काचेच्या कपाटात ठेवणार आणि पाहुण्यांना दाखवणार, ‘हात लावू नका हं!’ ज्या यंत्रावर मामाने भर गर्दीत, घामाने निथळत, डोळे मिटून सूर धरले, ते शोभेची वस्तू होणार? आणि बदल्यात काय, तर कधीच न बिघडणारा कीबोर्ड! अगं, जे कधी बिघडतच नाही त्याच्यावर माणसाने जीव कसा लावायचा? काही वस्तू आपल्याकडे फक्त असतात, ताई. काही वस्तू आपल्या असतात. धूड आपलं आहे. मामाचा आत्मा आहे त्यात.

माझं ४ तारखेचं पत्र फाडून टाक. तेव्हा मी अजाण होतो.

दुरुस्तीच होणार आणि इथेच होणार. तसा योग्य माणूसही सापडलाय. म्हणजे मुलगी आहे. बाजारामागच्या गल्लीत एक दुकान आहे. रेडिओ, अँप्लिफायर, मिक्सर, काय वाट्टेल ते घेतात. तिथे आतल्या टेबलावर ती बसते. कपाळावर भिंगाची पट्टी, म्हणून मी तिला मनात भिंगवाली म्हणतो. काम करताना भिंग खाली ओढते आणि तिचा एकच डोळा बशीएवढा दिसतो. मी धूड काउंटरवर आपटलं. ती म्हणाली, “हळू. दुखतंय त्याला.” असं कोण बोलतं, सांग? मग तिने मागचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, मामाच्या काळातली सगळी धूळ माझ्या तोंडावर आली, आणि ती हसली. सॉरी म्हणाली, पण हसून झाल्यावर.

म्हणते आठ दिवस लागतील. मी म्हटलं, घाई नाही. ती म्हणाली, सगळे तर घाई करतात. मी म्हटलं, मी सगळ्यांतला नाही. हे जरा जास्त झालं असं आता वाटतंय.

तू फक्त मामाचा विचार कर.

तडतड्या

—

१८ जून

प्रिय तडतड्या,

मामाचा विचार केला आणि मामालाच फोन लावला. कारण ज्याचा आत्मा धुडात अडकलाय तो माणूस ठणठणीत जिवंत आहे. सध्या मासे पाळतो आणि गुडघ्याला पट्टा बांधतो. म्हणाला, “विका, बदला, नाहीतर वर कुंड्या ठेवा. मला काय विचारता? आमचा काळा मासा सकाळपासून रुसलाय, ठेवू का फोन?”

तेव्हा आत्म्याचा मुद्दा निकालात निघाला.

पण तुझं ते ‘काही वस्तू आपल्या असतात’ वाचून मी पेशंटला गुळणी करायला सांगितली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले, हे खरं. मला आठवलं, मामा सराव करायचा तेव्हा डाव्या कडेची सगळ्यात जाड आवाजाची पट्टी दाबून धरायचं काम माझं असायचं. एकच सूर, गाणं संपेपर्यंत. बोट दुखायचं, पण मी सोडायची नाही. खालची फरशी हलायची आणि ते पायातून पोटात यायचं. मी इतकी वर्षं लोकांच्या दाढांवर ड्रिलची कंपनं झेलतेय, आणि हे साफ विसरले होते. तू तेव्हा रांगत होतास आणि तारा चावत होतास. काही सवयी जात नाहीत.

ठीक आहे. दाढवाल्यांना ‘नको’ म्हणून कळवलं. दुरुस्त कर.

तुझ्या पत्रात मामाचा उल्लेख किती आणि भिंगवालीचा किती ते मोजणार होते, पण म्हटलं जाऊ दे, पोराची लाज राखावी.

ताई

—

२८ जून

ताई,

तू उगाच नको ते वास घेतेस. तुझा धंदाच लोकांच्या तोंडात डोकावण्याचा.

धूड दुरुस्त झालं! घरी आणलं, लावलं, तापू दिलं, आणि जो आवाज निघाला! आईसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “बरं आहे, पण हळू.” आईकडून एवढं म्हणजे टाळ्याच.

आणि चौथ्या दिवशी पुन्हा बंद. आपोआप. जुनं यंत्र आहे, त्याचे त्याचे मूड असतात. काय करणार, पुन्हा घेऊन जावं लागलं. माझा नाइलाज होता.

पण ऐक, वाईटातून कसं चांगलं निघतं ते. या वेळी धूड आत मांडणीत नाही ठेवलं. दुकानात शिरल्या शिरल्या समोर एक लांब फळी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याची पहिली नजर तिच्यावर. तिथे मधोमध बसवलं, आणि गळ्यात चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर भिंगवालीचं नाव! सबंध दुकानात कोणाच्याच नावाची अशी चिठ्ठी नव्हती. मी साउंडवाल्याला मुद्दाम नेऊन दाखवलं. दोन गिऱ्हाइकांनाही सांगितलं, “हे यांनी केलंय बरं का.” ती मान खाली घालून काम करत होती, कान लालबुंद. किती लाजाळू आहे ती, ताई. एवढं कौतुक झालं तरी एक शब्द नाही.

जाऊन रोज विचारतो, “झालं का?” ती म्हणते, “बघते आहे.” त्या दोन शब्दांवर माझा दिवस जातो.

तडतड्या

ता. क. तू मागच्या खेपेला इथे काही सामान विसरली होतीस का? सहज विचारलं.

—

११ जुलै

ताई,

माझं डोकं फुटायची वेळ आलीय, नीट वाच.

धूड दुसऱ्यांदा दुरुस्त होऊन घरी आलं होतं. पुन्हा बंद पडलं. कशामुळे ते विचारू नकोस. परवा नेलं आणि पुन्हा फळीवर चढलं. मी आपला खुशीत. तर शेजारी स्टोव्ह दुरुस्तीला आणलेला एक म्हातारा म्हणाला, “काय बिचारी! दुसऱ्यांदा चढली की हो.”

ताई, ती मानाची फळी नाहीये. ती परत आलेल्या वस्तूंची फळी आहे! दुरुस्त होऊन गेलेली वस्तू महिन्याच्या आत परत आली की ती चारचौघांत मांडतात, आणि जिच्या हातून ती कच्ची राहिली तिच्या नावाची चिठ्ठी लावतात. एकच वस्तू दोनदा चढली तर कारागिराला टेबलावरून उठवतात आणि काउंटरवर पावत्या फाडायला बसवतात. या टेबलासाठी तिने दोन वर्षं नुसत्या तारा सोलल्या आणि दुसऱ्यांच्या हाताखाली स्क्रू मोजले. आणि मी लोकांना बोटाने दाखवत होतो, ‘हे यांनी केलंय!’

मग माझं सटकलं. सरळ मालकांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, “तुम्हाला माणसांची किंमत नाही! हिच्यासारखा हात अख्ख्या बाजारात नाही आणि तुम्ही तिची धिंड काढता?” मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुमची वस्तू तीनदा बंद पडली, आणि तुम्हीच सांगताय हात चांगला?” मी म्हटलं, “हो!” ते म्हणाले, “मग वस्तूला काय झालं?” मी म्हटलं, “तुमची फळीच मोडून टाकतो!” आणि फळीला हात घातला. एक रेडिओ पडला.

भिंगवालीने भिंग वर केलं आणि एवढंच म्हणाली, “तुम्ही आत्ता घरी जा.”

त्यांचा निकाल शनिवारी, अठरा तारखेला आहे. सगळ्यांसमोर. तिचं टेबल जाणार, ताई. मला झोप नाही. तू त्या मालकांना एक कडक पत्र लिही. तू डॉक्टर आहेस, तुझं ऐकतील. लिही की जुनी यंत्रं अशी बिघडतातच, त्यात कोणाचा दोष नसतो.

तडतड्या

—

१२ जुलै

महोदया,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या भावाने सिंथेसायझर जिथे दुरुस्तीला दिला आहे त्या दुकानात मी कारागीर आहे. वस्तू देताना त्याने ‘अर्धी ताईची आहे’ असं पुन्हा पुन्हा सांगून पावतीवर तुमचाही पत्ता लिहून घेतला होता. म्हणून तुम्हाला लिहिते.

पहिल्यांदा वस्तू आली तेव्हा बिघाड खरा होता. वीज पुरवणाऱ्या पट्टीवरचे दोन भाग वयाने सुकले होते. मी ते बदलले. वस्तू परत आली तेव्हा आतली एक तार सुटलेली होती. मला वाटलं, माझं सोल्डरिंग कच्चं राहिलं. एक जोड कच्चा तर बाकीचेही असतील, म्हणून मी त्या पट्टीवरचे सगळे जोड उकलले आणि पुन्हा केले. ते सगळे पक्के होते. तरी केले. त्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावताना मला भीती वाटत होती.

दुसऱ्यांदा बंद करताना मी मागच्या प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. परत आलेल्या वस्तूंसाठी आमच्याकडे तशी पद्धत आहे, आणि वस्तू फळीवर चढली तेव्हाच मी ते तुमच्या भावाला सांगितलं होतं. कोणी उघडलं तर ठिपका तडकतो. आता वस्तू पुन्हा आली आहे. पुन्हा तीच तार सुटली आहे. एकही ठिपका तडकलेला नाही. फक्त, मी दिलेले ठिपके लाल होते. हे मरून रंगाचे आहेत.

मी अजून मालकांना सांगितलेलं नाही. गिऱ्हाइकावर आळ घ्यायचा तर खात्री करून घ्यावा असं मला वाटतं. शनिवारी मला बोलावं लागेल. त्याआधी एवढंच कळवा, तुमच्या घरी मरून नेलपॉलिश कोण लावतं?

तुमचा भाऊ परवा माझ्या बाजूने मालकांशी भांडला. त्यात पडलेला रेडिओही मीच दुरुस्त करते आहे. माणूस वाईट वाटत नाही. बोलतो फार.

कळावे.

—

१५ जुलै, कुरिअरने

तडतड्या,

मालकांना मी काहीही लिहिणार नाही.

तू विचारलं होतंस, मी घरी काही विसरले का. हो. दवाखान्यात नखं रंगवता येत नाहीत, म्हणून माझी मरून नेलपॉलिशची बाटली आईच्या कपाटात राहिली होती. आईला विचारलं, आहे का ती? आई म्हणाली, “तुझ्या भावाच्या टेबलावर आहे, पेचकसाशेजारी. मी काही विचारलं नाही बाई, हल्लीच्या पोरांचं काय सांगावं.”

आता तू नखं रंगवत नसशील तर मला बाकीचं समजलेलं आहे. तुला रोज त्या दुकानात जायला कारण हवं होतं. कारण तू पेचकसाने तयार केलंस, आणि त्याचं बिल त्या मुलीच्या नावावर फाटलं.

रागवायचं मनात होतं, पण त्या पहिल्या फळीचं आठवलं की हसू येतं. साउंडवाल्याला घेऊन गेलास दाखवायला! अरे गाढवा, गाढवा.

हसून झालं. आता ऐक. शनिवारी सकाळी दुकान उघडताना तिथे उभा राहा. निकाल लागायच्या आत, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने सांग. आवाज न चढवता. ‘पण’ हा शब्द न वापरता. ‘तिच्यासाठी केलं’ असं चुकूनही म्हणू नकोस, तिच्यासाठी तू काहीही केलेलं नाहीस. तिने दार दाखवलं तर दाराने बाहेर ये. फळी मोडू नकोस.

हे तुला जमलं नाही तर मी येऊन सांगेन, आणि ते तुला आवडणार नाही.

ताई

—

१९ जुलै

ताई,

सांगितलं.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. आधी तुझा राग आला, मग आईचा, मग नेलपॉलिश बनवणाऱ्यांचा. लाल आणि मरूनमध्ये एवढा फरक असतो हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. शेवटी ज्यांच्यावर रागवायचं ती माणसं संपली आणि मी एकटाच उरलो.

शनिवारी गेलो. मालक, दोन कारागीर, तो स्टोव्हवाला म्हातारा, आणि ती. धूड फळीवर, गळ्यात तिचं नाव. मी रात्री पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच आलं, “यांचं काम चोख होतं. दोन्ही वेळा मी घरी उघडलं आणि तार ओढली. मला इथे यायला कारण हवं होतं.” मध्ये एकदा ‘पण’ आला होता, गिळला.

म्हातारा म्हणाला, “अरेरे,” पण त्याला मजा येत होती.

मालक मुळीच ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, ओरडण्यात मी कोणाला ऐकत नाही. शांतपणे म्हणाले, “आमच्याकडे बिघडलेल्या वस्तू येतात. बिघडवलेल्या आम्ही घेत नाही. हे यंत्र पुन्हा इथे आणायचं नाही.” मग उठून त्यांनी स्वतः ती चिठ्ठी सोडली आणि भिंगवालीला म्हणाले, “तुझ्या टेबलावर जा.” ती गेली नाही.

माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आजवर मला ‘तुम्ही’ म्हणायची, ती एकदम ‘तू’वर आली. “तुला माहितीये, मी चांगले जोड उकलले? चांगले! एकूण एक. मला वाटलं माझा हात गेला.” तिचा आवाज चढला नाही, ताई, पण ती स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघत होती. ज्या हाताने ती केसाएवढी तार धरते तो हात. मी ते केलं होतं.

मग धुडाचं झाकण उघडून तिने माझ्या हातात तापलेली सोल्डरिंगची सळई दिली. “लाव. तू काढलीस, तूच लाव.” मी कॉलेजात हे शिकलोय, साउंडवाल्याकडे रोज करतो. पण तिच्यासमोर तीनदा चुकलो. ती म्हणायची, “काढ. पुन्हा.” चौथ्यांदा बघून म्हणाली, “हं.” झाकण लावलं, ठिपके दिले, लाल. आणि म्हणाली, “बरं झालं तू बोललास. नाहीतर आज मी बोलणार होते.”

तिला कसं कळलं होतं? कधीपासून? ताई, तुला काही माहीत आहे का?

धूड घरी आणलंय. वाजतंय, अगदी खणखणीत. मला त्याच्याकडे बघवत नाही. काल हात दोनदा पेचकसाकडे गेला, खरं सांगतो. तू त्या दाढवाल्यांना बोलाव. विकून टाक, बदलून टाक, मी टेम्पोला स्वतः हात लावीन. ते घरात आहे तोवर माझा माझ्यावर भरवसा नाही.

तडतड्या

—

२३ जुलै

प्रिय तडतड्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्यात कुठेही तडतड नव्हती, जरा काळजीच वाटली.

हो, मला माहीत होतं. तिनेच लिहिलं होतं मला, तू सांगायच्या सहा दिवस आधी. तुला मुद्दाम कळवलं नाही. तिला माहीत आहे हे कळलं असतं तर तू पकडला गेलास म्हणून गेला असतास. मला तू ते माहीत नसतानाच जायला हवा होतास. ते पत्र मी तुला दाखवणार नाही. त्यात तुझ्याबद्दल तीन-चार वाक्यं आहेत. सगळी वाईट नाहीत.

दाढवाल्यांना बोलावणार नाही. विकायचं नाही, बदलायचं नाही. गंमत अशी झालीय की ती सगळी खोटी भाषणं तू माझ्यावर झाडलीस आणि ती मला लागू पडली. काचेचं कपाट, मामाचा घाम, ‘काही वस्तू आपल्या असतात’. तुझ्या मनात तेव्हा मामा नव्हता हे मला आता कळलंय, पण उशीर झाला. माझ्या मनात तो येऊन बसला. गेला महिनाभर पेशंटच्या खुर्चीच्या हातावर माझं बोट आपोआप दाबलं जातं. मला ती जाड पट्टी पुन्हा धरून बघायचीय.

दोन तारखेला येते. धूड मी घेऊन जाणार. तुझ्या अर्ध्याच्या बदल्यात तुला हवं तेव्हा येऊन वाजव.

आणि तुला त्या दुकानात पुन्हा जायचं असेल तर जा. पण आता तुझ्या हातात काही नसेल. जमतंय का बघ.

ताई

—

५ ऑगस्ट

ताई,

तू धूड घेऊन गेलीस त्याला तीन दिवस झाले. बाहेरच्या खोलीत पाहुणे आता सरळ चालत खुर्चीपर्यंत जातात आणि सवयीने तिरके होऊन बसतात. आईने मोकळ्या जागी काही ठेवलं नाही. म्हणाली, “राहू दे जरा.” पोचल्याचं तू कळवलं नाहीस; तुझ्या खालच्या मजल्यावरच्यांनी कळवलं असं आई सांगत होती. फरशी हलतेय म्हणे.

आज सुट्टी होती. दुपारी जायचं ठरवलं. घरातून निघताना आईची इस्त्री उचलली होती. दारापर्यंत नेली. मग परत जाऊन ठेवली. तुला खोटं कशाला सांगू.

दुकानात रांग होती. रांगेत उभा राहिलो. पुढच्याच्या हातात टेबलफॅन, मागच्याच्या मिक्सर. माझे हात मला इतके मोठे कधी वाटले नव्हते. खिशात घातले, काढले, पुन्हा घातले. काउंटरवर आज नेमकी तीच होती. पावत्या फाडणारा जेवायला गेलेला, तासाभरासाठी.

माझा नंबर आला. वर न बघता तिने पेन टेकवलं.

“वस्तू?”

“नाही आणली.”

मग वर बघितलं. भिंग कपाळावर होतं, तरी मला दोन्ही डोळे बशीएवढे वाटले.

“ते यंत्र पुन्हा—”

“ते ताईने नेलं. छान चाललंय. तू केलेलं आहे, चालणारच.”

“मग बिघडलंय काय?”

“काहीच नाही.”

“मग आलास कशाला?”

ताई, या प्रश्नाला माझ्याकडे महिनाभर उत्तर होतं आणि त्याला प्रत्येक वेळी वायर आणि प्लग होता. आज म्हटलं, “तुला भेटायला. कारण आणलेलं नाही. तू जा म्हणालीस तर लगेच जातो.”

मागचा मिक्सरवाला म्हणाला, “अहो, तुमचं घरगुती नंतर बघा, माझी चटणी अर्धी वाटून पडलीय.” आधीचा मी असतो तर त्या मिक्सरचं काही खरं नव्हतं. मी बाजूला सरकून म्हटलं, “या, तुम्ही घ्या आधी.” ती माझ्याकडे बघत राहिली. मिक्सर उघडला, आत फुंकर मारली, आणि त्याची पावती लिहिता लिहिता, कोणाला सांगतेय ते कळू न देता म्हणाली, “दुकान सहाला बंद होतं.”

मिक्सरवाला म्हणाला, “मला नको सांगू, मी उद्या येणार आहे.”

ती म्हणाली, “तुम्हाला नाही सांगितलं.”

मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून हे लिहितोय. कागद तिच्याच काउंटरवरच्या पावत्यांचा आहे, मागून कोरा. तूच सांगितलंयस ना, कागदावर माणसासारखा बोलतो म्हणून? तर कागदावर नीट जमवून घेतोय, की तिला आधी काय म्हणायचं. पहिलं वाक्य पाच वेळा लिहिलं आणि खोडलं. एकात तर मामाचा आत्मा आला होता, तो आधी खोडला.

स्टोव्हवाला म्हातारा आता बाहेर पडला. मला बघून थांबला आणि म्हणाला, “आज काय तोडलं?” मी म्हटलं, “काही नाही.” तो म्हणाला, “मग अवघड आहे बाबा,” आणि माझ्या शेजारी पायरीवर टेकला. हलायला तयार नाही. म्हणतो, घरी तरी काय आहे, इथे बघतो.

आतले दिवे जातायत, एकेक करून. मालक बाहेर आले. माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याकडे बघितलं. आणि चालते झाले. आता ती आलीय, पाठमोरी आहे, वर हात करून शटर ओढतेय. जुनं शटर आहे, मध्येच अडकलं. उठून मदत करावी असं वाटतंय आणि धीर होत नाही, कारण अडकलेल्या वस्तूला मी हात लावला तर

ती इकडे बघून म्हणतेय, “बसून काय राहिलास? धर की दुसरी बाजू.”

जातो.